वणव्यानंतर कुंपणाचा नियम: लाकडावर सरसकट बंदी की घराजवळचे 5 फूट?

30 डिसेंबर 2021 च्या मार्शल वणव्यात कोलोरॅडोतल्या लुईसव्हिल, सुपीरियर आणि आसपासच्या बोल्डर काउंटीत हजारावर घरं जळाली. वाऱ्यात लाकडी कुंपणं वातीसारखी पेटत घरांपर्यंत पोहोचली. तुमच्या होमओनर्स असोसिएशनने (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेने) नियम बदलायचा ठरवला, तर मतदानाला साधारण दोन मसुदे येतील: लाकडी कुंपणच नको, किंवा घरालगतचे 5 फूट न जळणारे हवेत.

सरसकट बंदी कागदावर भक्कम वाटते. पण सगळं कुंपण उपटण्याचा खर्च मोठा, त्यामुळे जुन्या कुंपणांना बहुतेक वेळा ‘बदलाल तेव्हा’ अशी सूट द्यावी लागते. मग भिंतीला टेकलेली लाकडी फळी वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि धोका नेमका तिथेच असतो. 5 फुटांच्या नियमात काम थोडं असल्यामुळे जुन्या कुंपणांनाही मुदत घालता येते. कॅलिफोर्नियाच्या 2020 च्या कायद्यातला घरालगतचा पट्टाही 5 फुटांचाच आहे. आमचा कौल या दुसऱ्या मसुद्याला, पण शब्द नीट असतील तरच.

‘कुंपण भिंतीला मिळतं तिथून 5 फूट’ असं लिहू नका. बाजूचं कुंपण भिंतीला समांतर, 4 फुटांवरून जात असेल तर ते सुटून जातं. ‘भिंतीच्या कोणत्याही भागापासून 5 फुटांच्या आत’ असं लिहा. फाटक बहुधा याच पट्ट्यात येतं, म्हणून तेही धातूचं हवं. काम करताना लाकूड 5 फुटांवर कापून तिथे स्टीलचा खांब रोवा आणि तिथून भिंतीपर्यंत स्टील किंवा ॲल्युमिनियमचं पॅनेल लावा. भिंतीवर स्क्रूने बसवलेली उभी लाकडी पट्टी काढायची हमखास राहून जाते. ती राहिली तर बाकीची मेहनत वाया. खालचा लाकडी मल्च (मातीवर पसरलेला लाकडाचा भुगा-ढलप्या) काढून खडी टाका, कारण ठिणगी आधी तिथे धरते.

दोन शेजाऱ्यांची कुंपणं पाठीला पाठ लावून असतील, तर हा नियम एकटा पुरत नाही. मधल्या फटीत झाडू जात नाही, पाला साचतो, आणि उष्णता दोन्ही फळ्यांत कोंडून ज्वाळा एकेरी कुंपणापेक्षा कितीतरी भडकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-तंत्रज्ञान संस्थेच्या चाचण्यांतही हेच दिसलं. ‘एका हद्दीवर एकच कुंपण’ हे कलम दोन्ही मसुद्यांत घाला.

लाकडाऐवजी काय? व्हिनाइल (पीव्हीसी प्लास्टिक) सहज पेटत नाही, पण उष्णतेने मऊ पडून वितळतं आणि खाली मल्च असेल तर जळतंही. लाकूड-प्लास्टिक कंपोझिट पेटलं की जोरात जळतं, त्याला ‘न जळणारं’ म्हणू नका. जाळीचं कुंपण उत्तम, मात्र त्यात प्लास्टिकच्या पट्ट्या ओवल्या किंवा वेल चढवला की फायदा गेला. अग्निरोधक लेप ऊन-पावसात उतरतो, त्यावर सूट देऊ नका.

तुमच्या नियमावलीत ‘कुंपण फक्त सीडरच्या लाकडाचं’ असं असेल तर तेही आता टिकणार नाही. कोलोरॅडोच्या 2024 च्या कायद्यानुसार असोसिएशनला कुंपणासह अग्निरोधक साहित्यावर बंदी घालता येत नाही, फक्त रंगरूप, मापं आणि जागा यांवर वाजवी अटी घालता येतात. सीडरची अट असोसिएशनच्या मूळ करारनाम्यात आहे की डिझाइन-नियमांत, ते आधी पाहा. डिझाइन-नियम बहुधा कार्यकारिणी स्वतः बदलू शकते, करारनाम्याला सभासदांचं मतदान लागतं.