पत्त्यावर रंगवायचं तर अ‍ॅक्रेलिक की पोस्टर कलर?

मॅजिक किंवा पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळांतला पत्ता म्हणजे ६३ × ८८ मिमीचा, वरून गुळगुळीत थर दिलेला कागद. या थरावर पाणी मुरत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

पोस्टर कलर स्वस्त, कोल्हापुरात महाद्वार रोडला सहज मिळणारा. सपाट छटा सुंदर देतो, चुकलं तर ओल्या ब्रशने पुसताही येतो. पण हाच गुण नडतो: दुसरा हात देताना खालचा रंग उठतो, आणि जाड लावला तर पत्ता जरा वाकताच तडकतो. इथल्या पावसाळ्यात दमट बोट लागलं तरी डाग पडतो.

अ‍ॅक्रेलिक वाळल्यावर लवचीक पापुद्रा होतो, पाण्याने सुटत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अलगद फिरवून बोटांचं तेल काढा. घासलंत तर छपाईच निघेल. रंग दुधाइतका पातळ करा, शून्य नंबरचा बारीक ब्रश घ्या. पहिला हात थेंबाथेंबाने गोळा होईल. घाबरू नका, वाळू द्या. तिसऱ्या-चौथ्या हाताला रंग भरतो. एकदम जाड थापलात तर ब्रशचे ओरखडे राहतात, आणि गड्डीत तो पत्ता स्पर्शाने ओळखू येतो. स्पर्धेत असा पत्ता बाद होऊ शकतो.

खेळायच्या पत्त्याला अ‍ॅक्रेलिकच. दमट हवेत हा रंग चिकटतो, म्हणून पत्ता पूर्ण दिवस वाळवूनच स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्लास्टिक पाकिटात, घाला. स्लीव्ह पॉलिप्रोपिलीनची, पीव्हीसीची नको. पोस्टर कलर फ्रेममध्ये राहणाऱ्या पत्त्यासाठी ठेवा.