पाय-एफटी-सबसेट : आठ महिने वापरल्यावर, एका 'ऱ्या'च्या निमित्ताने

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या वाचनालयाची साइट मी सांभाळतो; गेल्या आठवड्यात तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अहो, नव्या पुस्तकांच्या यादीत 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' परक्या घरचा वाटतो. बघा जरा." पाहिलं, तर 'दुस' साइटच्या नोटो सान्स देवनागरी फॉन्टात आणि 'ऱ्या' फोनमधल्या कुठल्याशा जाड फॉन्टात. खाली 'ॲरिस्टॉटल'मधला 'ॲ'सुद्धा तसाच. फॉन्टमधली नको ती अक्षरं कापून फाइल लहान करणारं पाय-एफटी-सबसेट हे टूल घ्या, असं ज्याला त्याला सांगत आलोय, तेव्हा हेही सांगायलाच हवं.

घेतलं ते पैसे आणि डेटा वाचवायला. वाचनालयाची साइट मराठी आणि गुजराती, दोन्ही लिपींत आहे. सभासदांत निवृत्त मंडळी पुष्कळ, साधे फोन, रोजचा डेटा जपून वापरणारी. त्यांना अख्खा फॉन्ट उतरवायला लावणं मला पटत नाही. फॉन्टटूल्स या पायथन संचातलं हे टूल फुकट आहे, एका कमांडीत नको ती अक्षरं गाळून वॉफ२ ही वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट-फाइल देतं (त्यासाठी ब्रॉटली हे फाइल दाबणारं मॉड्यूल तेवढं वेगळं टाकावं लागतं). क, ष आणि हलन्त दिले की 'क्ष'चं चित्र ते फॉन्टच्या जीसब तक्त्यातून (कुठल्या अक्षरांच्या जागी कुठलं चित्र येतं याची यादी) आपणहून शोधून ठेवतं. जोडाक्षरांची अशी काळजी घेणारं साधन मिळालं, याचा पहिल्या दिवशी खरंच आनंद झाला होता.

घोळ झाला तो टेक्स्ट-फाइलच्या पर्यायात. साइटवरचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये टाकून मी तेवढ्याच अक्षरांचा फॉन्ट कापला होता. तेव्हा मजकूर म्हणजे वेळा, वर्गणी आणि नियम. त्यात 'ऱ' नव्हता, 'ॲ' नव्हता. आठ महिन्यांनी पुस्तकांची यादी चढली आणि ती अक्षरं फॉन्टात सापडेनात. ब्राउझर अशा वेळी गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका नोंदवतो त्या खिडकीत, एक ओळ उमटत नाही.

दोन दिवस मी टूलवरच चिडून होतो. आता तसं वाटत नाही. जिथे मजकूर वाढत राहणार, तिथे मराठी फॉन्ट मजकुरावरून कापायचाच नसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, त्या क्रमांकांची रेंज द्यायची: यू+०९०० ते यू+०९७एफ हा अख्खा देवनागरी गट, सोबत २००सी आणि २००डी हे न दिसणारे जोडक-विभाजक, रुपयाचं २०बी९ आणि ठिपक्यांच्या वर्तुळाचं २५सीसी. 'ऱ' ०९३१ वर आहे, 'ॲ' ०९७२ वर. 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत, म्हणून कुठूनतरी उचललेली अक्षरांची जुनी यादी असेल तर तो आहे का हे आधी बघा. फाइल थोडी वाढली, पण मूळ, न कापलेल्या टीटीएफ फाइलपेक्षा अजूनही बरीच लहान आहे. तेवढे केबी मी आनंदाने देतो.

नवी फाइल चढवली तरी बाईंच्या फोनवर जुनाच 'ऱ्या'. सर्व्हरवर फॉन्टला वर्षभराची कॅश लावलेली, म्हणजे फोन एकदा उतरवलेली फाइलच वर्षभर वापरणार. होस्टिंगवाल्यांशी तासभर डोकं लावलं, उत्तर एकच: वाचकांना कॅश साफ करायला सांगा. सत्तरीतल्या वाचकाला हे का करायला लावायचं? शेवटी फाइलचं नाव बदललं, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये नवं नाव दिलं आणि पाच मिनिटांत काम झालं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी लेखांतल्या कमांडीत लेआउट-फीचर्स (अक्षरं जोडण्याचे, बदलण्याचे फॉन्टमधले नियम) या पर्यायापुढे 'कर्न, लिगा' एवढंच लिहिलेलं असतं. ते तसंच उचललंत तर जोडाक्षरं मोडतात आणि 'लोकल' नावाचं फीचरही जातं. आपला मराठी 'ल' आणि 'श' त्याच फीचरात असतात. तो पर्याय दिलाच नाही, तर टूल ही सगळी फीचर्स स्वतःहून ठेवतं. मग एचटीएमएलमध्ये पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये 'एमआर', म्हणजे मराठी, लिहायचं. माझ्या टेम्प्लेटमध्ये 'एचआय', म्हणजे हिंदी, होतं, म्हणून इतके महिने वाचनालयाचा 'ल' हिंदी वळणाचा दिसत होता. दोन अक्षरं बदलली आणि पाटीवर गिरवलेला आपला 'ल' पडद्यावर आला. बाईंना तो फोन न करताच दिसला.

गुजराती फाइलही मी मजकुरावरूनच कापली होती. रविवारी ती यू+०ए८० ते यू+०एएफएफ अशी नव्याने काढतोय. सीएसएसमध्ये दोन्ही फॉन्टांना युनिकोड-रेंज लावली, की फक्त गुजराती पान उघडणाऱ्याला देवनागरीची फाइल उतरवावी लागणार नाही.