१९४४ ची कागदी लढाऊ विमानं, आताच्या रिप्रिंटमधे: घ्यावीत का?

डिझाइन एक नंबर, छपाई ठीकठाक, कागद साफ चुकीचा. घाईत असाल तर एवढं वाचून सोडा. बाकीच्यांनी जरा बसा, कारण युद्धकाळातल्या कागदी मॉडेल्सचा विषय निघाला की मी लवकर थांबत नाही.

तर हा रिप्रिंट सेट आहे जॅक आर्मस्ट्राँग ट्रू-फ्लाइट विमानांचा. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: अमेरिका, साल १९४४, दुसरं महायुद्ध भरात. जनरल मिल्स ही कंपनी व्हीटीज नावाचं नाश्त्याचं सीरियल विकायची आणि जॅक आर्मस्ट्राँग हा पोरांचा रेडिओवरचा कार्यक्रम १९३३ पासून त्याच व्हीटीजच्या जाहिरातीवर चालू होता, तर स्कीम अशी की व्हीटीजच्या दोन खोक्यांची वरची झाकणं कापायची, सोबत ५ सेंट टाकायचे, पोस्टाने पाठवून द्यायचं, आणि मग घरी यायची दोन विमानं, पूर्ण रंगीत, कापून घडी घालून चिकटवायची आणि खरोखर उडवायची. असे ७ जोड, एकूण १४ विमानं. डिझाइन वॉलिस रिग्बीचं. हा माणूस मूळचा इंग्लंडचा, तिकडे त्याची कापून बनवायच्या मॉडेल्सची पुस्तकं आधीच निघालेली होती, नंतर तो अमेरिकेत आला.

आता कागदच का, तर दुसरं काही शिल्लकच नव्हतं. बाल्सा लाकूड इक्वेडोरमधून यायचं ते सगळं लाइफ राफ्ट आणि मॉस्किटोसारख्या विमानांकडे वळलेलं. रबराचं तर विचारूच नका, १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर पंखा फिरवायला रबरबँड कुठून आणणार. धातूची खेळणी बनवणं १९४२ मधेच बंद झालं. लायोनेलसारखी खेळण्यातल्या ट्रेनची दादा कंपनी होकायंत्रं वगैरे नौदलाचं सामान बनवायला लागली, आणि १९४३ च्या ख्रिसमसला त्यांनी दुकानात काय ठेवलं तर एक डॉलरची पुठ्ठ्याची ट्रेन! इंजिन, डबे, रूळ, माणसं सगळं पुठ्ठ्याचं, अडीचशेच्या वर तुकडे, गोंद लागणार नाही असा दावा. कलेक्टर लोकांमधे ही ट्रेन जोडायला महाकटकटीची म्हणून आजही कुप्रसिद्ध आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण ती ट्रेन म्हणजे धातूच्या खेळण्याची कागदात केलेली नक्कल होती. रिग्बीने तसं केलं नाही. त्याने कागद हाच माल धरून विमान बसवलं, म्हणून त्याची विमानं आजही उडतात.

आता सेटकडे येतो. विकणाऱ्याचं नाव देत नाही, असे बरेच जण आहेत आणि तक्रारी सगळीकडे साधारण याच असतात.

पाकीट छान, विमानांचे शीट सपाट आले, कोपरे दुमडलेले नाहीत, पॅकिंगला पूर्ण मार्क. रंगसुद्धा लांबून भारी दिसतात. जवळून बघितलं की गडबड कळते, मूळ छपाईचे बारीक ठिपके स्कॅन करून परत ठिपक्यांतच छापलेत त्यामुळे पी-४० या अमेरिकन लढाऊ विमानाच्या हिरव्या पंखावर लाटा लाटा दिसतात, साडीच्या जाळीदार पदरावर दुसरा पदर पडावा तशा. शेल्फवर ठेवायला नाही खटकत. हातात घेतलं की खटकतं. काळ्या रेषा मात्र कडक आहेत आणि कापायला तेच महत्त्वाचं.

खरा लोचा कागदाचा. यांनी चांगलं जाडजूड, चकचकीत कार्डशीट वापरलंय, आणि वर पाकिटावर अभिमानाने लिहिलंय की प्रीमियम आहे म्हणून. अहो प्रीमियम असेल पण घडीवर फुटतंय ना! चकचकीत थर घडीच्या रेषेवर तडकतो आणि आतला पांढरा कागद डोकावतो, नाकाची गोलाई द्यायला गेलो की तिथे कोन पडतात. अशा मॉडेलला १६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम) आसपासचा साधा, न चकाकणारा कागद पुष्कळ झाला. आणि शीटवर कागदाचे तंतू कुठल्या दिशेला आहेत हे कोणी बघितलेलंच नाही, एका विमानाचं धड लांबीच्या दिशेने मस्त वळतं आणि त्याच शीटवरचं दुसरं वळायला तयार नाही.

इलाज सांगतो, घेतलंच असेल तर फेकू नका. रिकाम्या बॉलपेनने पट्टी लावून सगळ्या घडीच्या रेषा आधी दाबून घ्या, कापायच्या आधी, नंतर नाही. धडाचा भाग टेबलाच्या कडेवरून हलक्या हाताने ओढला की कागदाचा ताठपणा मोडतो. गोंद पांढराच चालेल पण काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या, जास्त झाला की चकचकीत बाजूला चिकटतच नाही, नुसता घसरत बसतो. पांढऱ्या कडा दिसतील त्या जवळच्या रंगाच्या स्केचपेनने बाजूने पुसून घ्या. हे शेवटचं कुणी करत नाही आणि तयार मॉडेलमधे सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

आता पेनी. या मॉडेल्सची सगळी गंमत इथे आहे आणि रिप्रिंटवाल्यांनी नेमकी तीच गमावली आहे. विमान सरळ उडायला नाक जड लागतं, त्यासाठी रिग्बीने वापरली अमेरिकेची एक सेंटची पेनी, ती नाकात बसवायची. सगळ्यांच्या खिशात असणारी, सगळ्यांकडे सारख्या वजनाची वस्तू, फुकटातलं वजन! डोकं बघा माणसाचं.

पण वजन सारखं होतं ते कधी? जुनी तांब्याची पेनी ३.११ ग्रॅमची. १९८२ मधे अमेरिकन टांकसाळीने आतून जस्त आणि वरून तांब्याचा मुलामा अशी पेनी काढली, ती भरते २.५ ग्रॅम. आकार तोच, १९.०५ मिलिमीटर, बघून फरक कळत नाही. म्हणजे रिप्रिंटच्या कागदावर लिहिलंय नाकात पेनी घाला, तुम्ही १९८२ नंतरची पेनी घातली, तर नाक ०.६ ग्रॅमने हलकं, आणि वर कागद जाड असल्यामुळे शेपटी जड. मग काय होणार, विमान हातातून सुटतं, नाक वर करतं, जागेवर थबकतं आणि धपकन खाली. लोक रिव्ह्यूमधे लिहितात की ही विमानं उडतच नाहीत, नुसती शोभेची आहेत. उडतात हो! १९८१ किंवा त्याआधीचं साल असलेली पेनी मिळाली तर ती घाला, नाही मिळाली तर नव्या पेनीला प्लॅस्टिसिनची (खेळायच्या मऊ मातीची) चिमूटभर गोळी लावा, थोडी थोडी वाढवत जा, आणि फरक बघा. हळूच, समोर सरळ सोडायचं, बॉलसारखं भिरकवायचं नाही.

बाय द वे यात अजून एक मजा आहे. १९४३ मधे तांबं काडतुसांसाठी लागत होतं म्हणून अमेरिकेने पेनी चक्क स्टीलच्या काढल्या, वर जस्ताचा थर, राखाडी रंग, वजन २.७ ग्रॅम. १९४४ ला परत तांब्यावर आले, त्यासाठी वापरलेल्या काडतुसांची पुंगळीसुद्धा वितळवून घेतली. म्हणजे ट्रू-फ्लाइट घरी यायची तेव्हा पोरांच्या खिशात दोन्ही प्रकारच्या पेनी असणार. ज्याने स्टीलची घातली त्याचं विमान थोडं वेगळं उडलं असणार हे नक्की.

दुसरी तक्रार साइझची. माझ्या सेटमधले शीट ए-फोरमधे बसवायला किंचित लहान केलेत आणि तसं कुठेही लिहिलेलं नाही. पेनी काय लहान होत नाही, त्यामुळे तिच्याभोवती नाक मिटवताना कागद ताणून धरावा लागतो. वजनाच्या हिशोबाने बघाल तर लहान केल्याने कागद कमी झाला हे बरंच, पण जाड कार्डशीटने तो फायदा परत खाल्ला. साधा उपाय होता, शीटच्या कोपऱ्यात एक सेंटीमीटरची रेघ छापायची, कुणीही मोजून बघेल. पीडीएफ घेऊन घरी छापणार असाल तर प्रिंटरच्या सेटिंगमधे शंभर टक्के ठेवा, फिट टू पेज अजिबात नको.

विमानांमधे माझी आवडती म्हणाल तर पी-४० आणि जपानी झीरो. पी-४० च्या तोंडाला फ्लाइंग टायगर्सचे (चीनमधे लढलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांच्या तुकडीचे) दात रंगवलेले आहेत, ते नाकाच्या वळणावर बरोबर जुळले की जो आनंद होतो तो काही औरच. थंडरबोल्टचं पोट गोल मोठं, धीर लागतो. स्पिटफायर दिसायला सगळ्यात देखणं आहे पण पंखांची ती लंबगोल कड कापताना कात्रीने कंटाळा येतो, कटर घ्या आणि कागद फिरवा, हात नाही.

अस्सल जुने शीट गोळा करायचा विचार असेल तर एक खूण कामाची आहे. अमेरिकन विमानावरचा तारा बघा. मधे लाल ठिपका असेल तर ती मे १९४२ च्या आधीची खूण, जपानी विमानांवरच्या लाल गोल खुणेशी गोंधळ होतो म्हणून तो ठिपका तेव्हा काढला. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या असतील तर ती जून १९४३ नंतरची, आणि त्याला लाल किनार असेल तर त्याच उन्हाळ्यातली, कारण ऑगस्टमधे ती किनार निळी झाली. चित्रकाराने जुनी खूण तशीच ठेवली असं होऊ शकतं, पण विकणारा १९४१ सांगतोय आणि ताऱ्याला पट्ट्या आहेत असं दिसलं तर तिथेच थांबा. न कापलेले शीट कमी मिळतात, साहजिक आहे, पोरांनी ती कापली, उडवली, झाडावर अडकवली, आणि उरलेला कागद युद्धाच्या रद्दी मोहिमांमधे गेला असेल. जे उरलंय त्या कागदात आम्ल असतं, पिवळा पडतो, घडीवर कटकन तुटतो, त्यामुळे अस्सल शीट कापून मॉडेल करणाऱ्याला मी लांबूनच नमस्कार करतो. स्कॅन करा आणि स्कॅन कापा.

कुणी म्हणेल यापेक्षा ब्रिटिश मायक्रोमॉडेल्स घ्यावीत. तीही युद्धकाळातलीच, पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर आख्खं इंजिन नाहीतर जहाज, आणि जाहिरात काय तर तुमचं वर्कशॉप सिगारच्या डब्यात. कारागिरी म्हणून ती वरचढच आहेत, पण चिमटा, भिंग आणि संतांचा स्वभाव लागतो. लहान मुलासोबत बसून करायचं असेल तर रिग्बीच बरा, संध्याकाळच्या आत उडवता येतं.

तर ५ पैकी साडेतीन. अर्धा कागदाचा कापला, अर्धा साइझ न सांगितल्याचा आणि अर्धा पेनीच्या वजनाबद्दल एक ओळ न लिहिल्याचा, कारण त्या एका ओळीने निम्मे वाईट रिव्ह्यू वाचले असते. पाकिटातला सेट भेट द्यायला घ्या. स्वतः बनवायला पीडीएफ घ्या, साध्या कागदावर छापा आणि सुरुवात झीरोने करा, त्याला दात जुळवायचे नाहीत.