सिस्टीन चॅपलची गाईडेड टूर: भिंतीसाठी जा, गाईडसाठी नको

ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही युरोपची ग्रुप टूर केली, त्यात रोमच्या दिवशी व्हॅटिकन म्युझियम आणि सिस्टीन चॅपल (पोपचं प्रार्थनागृह, ज्याचं छत आणि वेदीमागची भिंत चित्रकार मायकेलँजेलोने रंगवली) "विथ एक्स्पर्ट गाईड" असं ब्रोशरमध्ये होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण बस, हॉटेल, जेवण सगळं चांगलं होतं (रोममध्ये वरणभात मिळाला, अजून काय पाहिजे), पण ज्या एका गोष्टीसाठी आम्ही पैसे भरले तिथेच त्यांनी माती खाल्ली.

आम्ही तिघं, मी, बायको आणि सासूबाई. मी नगरचा प्रोटेस्टंट, आमच्याकडे संडेस्कूलपासून तारण कृपेने आणि विश्वासाने, कर्माने नाही, हे पाठ. सासर वसईचं कॅथलिक, संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकली तर घरात कोणाला झोप येत नाही. त्यामुळे माणसाच्या हातात नक्की किती आणि देवाच्या हातात किती हा वाद आमच्या डायनिंग टेबलावर १४ वर्षं चालू आहे आणि निकाल काही लागत नाही.

तर झालं असं, की चॅपलच्या आत गाईडला बोलायची परवानगी नसते, त्यामुळे सगळे गाईड आधी बाहेरच्या मोठ्या अंगणात चित्रांचे बोर्ड लावलेत तिथे उभं करून समजावतात. आमच्या गाईडने छतावर, म्हणजे ते आदामचं बोट वगैरे, पंधरावीस मिनिटं घालवली आणि वेदीमागच्या "शेवटचा न्याय" (जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्यांचा न्याय करतो ते चित्र) या अख्ख्या भिंतीवर दोन वाक्यं. चांगली माणसं वर चाललीत, वाईट माणसं खाली, चला पुढे. अहो, एवढंच असतं तर शाळेच्या रिझल्टचा फळा पण चालला असता की.

मी जायच्या आधी थोडं वाचलं होतं म्हणून सांगतो. छत १५०८ ते १५१२ चं आणि ही भिंत १५३६ ते १५४१ ची, तोवर मायकेलँजेलो साठीच्या पुढे गेला होता. मधल्या काळात सगळं जगच बदललं होतं, ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो तो ल्यूथर पोपविरुद्ध उभा राहिला, १५२४ मध्ये इरॅस्मस या कॅथलिक विद्वानाने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं, पुढच्या वर्षी ल्यूथरने उलट उत्तर दिलं की पापाने बांधलेल्या माणसाची इच्छा तारणाच्या बाबतीत मोकळी नसतेच, १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं. या वादावर कॅथलिक चर्चची बाजू ठरवणारी ट्रेंटची परिषद तर चित्र पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी भरली आणि तिथे १५४७ मध्ये ठरलं की पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, पण माणूस तिला हो म्हणू शकतो तसा नाही पण म्हणू शकतो. म्हणजे आमच्या डायनिंग टेबलाचा वाद तेव्हा अख्ख्या युरोपात पेटलेला आणि हा माणूस मचाणावर चढून नेमकं तेच रंगवत होता. हे गाईडने नको सांगायला?

आता भिंतीकडे बघा. वर चाललेल्यांमध्ये ऐटीत चाललेला कोणीच नाही. डावीकडे मधोमध शोधा, एक देवदूत दोघांना वर ओढतोय आणि ते दोघं रोझरीच्या माळेला लोंबकळलेत. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, बघितलंस? मी हळूच म्हटलं, आई, ओढतोय देवदूत. त्या म्हणाल्या, माळ कोणी धरलीय? झालं, बोलती बंद. त्याच बाजूला खाली एकाला देवदूत वर खेचतोय आणि सैतान खाली. उजवीकडे एक जण एका डोळ्यावर हात ठेवून बसलाय, खाली ओढणारे पायाला लोंबकळलेत पण त्याचं लक्ष तिकडे नाही, आपण काय करून बसलो हे आत्ता त्याला कळलंय असा चेहरा. आणि खाली मधोमध तुतारी फुंकणाऱ्या देवदूतांजवळ दोन पुस्तकं आहेत, तारलेल्यांचं छोटं, नरकात जाणाऱ्यांचं भलंमोठं. ते बघून पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू.

ख्रिस्ताच्या पायाशी संत बार्थोलोम्यूने (ख्रिस्ताचा शिष्य, त्याला जिवंत सोललं असं मानतात) आपलीच सोललेली कातडी हातात धरलीय आणि त्या कातडीवरचा लोंबता चेहरा मायकेलँजेलोचा स्वतःचा आहे असं मानतात. त्या काळातला एवढा नावाजलेला माणूस स्वतःला रिकाम्या कातडीसारखा काढतो, सिंहासनावर नाही, संतांच्या रांगेतही नाही, आणि ती कातडी खालच्या नरकावर लोंबतेय, सुटेल की राहील सांगता येत नाही.

दुसरं राहिलेलं म्हणजे पोपची निवडणूक. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनलनी याच खोलीत मतं दिली, आपल्या गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव पण त्यात होते. गाईडने धुराच्या चिमणीचं रसभरित वर्णन केलं, पण चिठ्ठी टाकताना प्रत्येक कार्डिनल या भिंतीसमोर उभं राहून मोठ्याने म्हणतो की जो माझा न्याय करणार आहे तो ख्रिस्त प्रभू माझा साक्षी आहे, हे नाही सांगितलं. निवड माणसाची, आणि निवडणाऱ्याचा न्याय करणारा समोर भिंतीवर.

आत फोटो काढायला मनाई आहे तरी लोक पोटाशी मोबाईल धरून काढतच असतात. मी मनात म्हटलं, बरं झालं बाबा आपण असे नाही. आणि लगेच बायबलच्या लूकमधल्या गोष्टीतला तो परूशी, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणारा माणूस, आठवला, मंदिरात उभा राहून देवाला सांगणारा की मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. शेवटच्या न्यायासमोर उभं राहून मी नेमकं तेच केलं होतं. बायकोला सांगितलं तर ती एवढी हसली की गार्डने आमच्याकडे बघितलं.

टूरवाल्यांनी आत १५ मिनिटं दिली, माझ्या मते हा गुन्हा आहे. आम्ही गेलो तेव्हा म्युझियमच्या साइटवर तिकीट २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे ५ होते, तेवढ्यात स्वतः जा आणि हवं तितकं थांबा. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार फुकट पण तेव्हाच्या गर्दीत नकोच. छोटी दुर्बीण न्या, वरचं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. बाजूच्या भिंतींना लागून बाक आहेत, कोणी उठलं की पटकन बसा. गाईडला ५ पैकी २.

सासूबाईंना एक जागा मिळाली, ग्रुपला निघायची घाई तरी त्या उठेनात, शेवटी टूर मॅनेजर मलाच ओरडला. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, बाथरूम कुठेय बघ आधी, आणि ते छोटं पुस्तक फारच छोटं काढलंय रे त्याने.