पहिली कथा कुठे द्यावी: दिवाळी अंक, ॲप की पदरच्या पैशाने पुस्तक?

आठ-दहा कथा लिहून झाल्या आहेत, घरच्यांनी वाचल्या आहेत, ऑफिसातल्या दोघींनी "आता पुस्तक काढच" म्हणून धोशा लावला आहे, आणि पुढे काय करावं ते सुचत नाही. अशा टप्प्यावर जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नाव कोणाच्या ओळखीचं नाही, पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळात ऊठबस नाही, अशा माणसाला आज मराठीत मुख्यतः तीन वाटा आहेत. मी तिन्हींवरून गेले, पण उलट्या क्रमाने. सगळ्यात महागडी वाट आधी धरली.

2018 साली मी 160 पानांचा कथासंग्रह काढला. 500 प्रतींचे 52,000 रुपये भरले, किंमत 200 रुपये ठरली. हा हिशेब पुस्तक काढताना कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून इथे मांडते. माझ्या व्यवहारात वितरक आणि दुकानदार यांची मिळून सूट 45 टक्के होती, म्हणजे एका पुस्तकामागे हातात 110 रुपये. शेवटची प्रतसुद्धा विकली गेली असती तरी 55,000 मिळाले असते. पैशासाठी काढलं नव्हतं, वाचकांसाठी काढलं होतं. मग वाचक किती मिळाले? प्रकाशनाच्या कार्यक्रमात 60 प्रती गेल्या, 90 मी नात्यागोत्यात भेट दिल्या. "वितरणाचं आमच्यावर सोडा" असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्याकडून दहा महिन्यांनी 310 प्रती परत आल्या. गठ्ठे सुतळीने इतके आवळलेले, की वरच्या आणि खालच्या प्रतींच्या कडा चिरल्या होत्या. राहिल्या 40. मला न ओळखणाऱ्या आणि आपणहून पुस्तक उचलणाऱ्या माणसांची संख्या तेवढी. ती चाळीस माणसं मला मोलाची आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला कोणी दागिना मोडू नये. मोडणारे मी पाहिले आहेत.

दिवाळी अंकाची वाट याच्या अगदी उलट. खर्च टपालाचा, आणि हल्ली कथा ईमेलने घेतात म्हणून तोही नाही. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही सोय आपल्याकडे चालत आली आहे. अंक किती छापला यावरून त्याचे वाचक मोजू नका. आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी योजना असते: एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत अंक बदलून नेत राहायचे. माझी कथा आलेला अंक मी मार्चमध्ये तिथे हातात घेतला. मागे डकवलेल्या कागदावर तारखांचे 31 शिक्के होते. एक शिक्का म्हणजे एक घर, आणि एका घरात वाचणारे दोघे-तिघे. माझ्या कथेत मी 'शिंकाळं' लिहिलं होतं. त्या शब्दाखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, "आमच्यात शिकं म्हणतात." मी तो अंक घेऊन तिथेच बाकावर बसून राहिले. ते अक्षर कोणाचं हे मला आजही माहीत नाही.

दुसरा फायदा संपादकाचा. माझी कथा स्वीकारण्याआधी संपादकांचा फोन आला: "चौथ्या पानानंतर सासू कुठे गेली?" मी निरुत्तर झाले. पुस्तक काढताना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, पैसे भरल्यावर कोण विचारणार?

तोटेही आहेत. बहुतेक अंक मे-जूनमध्ये साहित्य मागवतात, जुलैअखेर दार बंद होतं, छापून यायला ऑक्टोबर उजाडतो. कथा नाकारली तर बहुतेक वेळा कळवतही नाहीत आणि वर्ष वाया जातं. नावाजलेले अंक मानधन देतात, बरेचसे फक्त अंकाची प्रत पाठवतात. आणि "कविता घेतो, पण पाच अंक विकत घ्या" किंवा "एक जाहिरात मिळवून द्या" म्हणणारेही असतात. त्यांना स्पष्ट नकार द्या. तिथे छापून येणं म्हणजे निवड होणं नव्हे, आणि तसल्या अंकाला वाचनालयात शिक्के पडत नाहीत.

ॲपवर वेग आहे. बंगळुरूचं प्रतिलिपी हे ॲप 2014 मध्ये सुरू झालं, मराठीसह 12 भाषा तिथे आहेत, आणि लिहिणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. मी 20 भागांची मालिका टाकली. पहिला भाग 4,100 जणांनी उघडला, विसावा 640 जणांनी. पहिला आकडा पाहून हुरळले होते, पण माझा खरा वाचक 640 हा. तोही काही कमी नाही. आठवड्यात "ताई, पुढचा भाग कधी?" असे निरोप यायला लागले. एकीने लिहिलं की ती रोज कंपनीच्या बसमध्ये वाचते, त्यामुळे सकाळी सातच्या आत भाग टाकत जा.

पण याच प्रेमाचा ताण येतो. दर भाग उत्कंठेच्या टोकावर थांबवावा लागतो, दोन दिवस खंड पडला की वाचक पांगतो. प्रेमकथा, कौटुंबिक आणि भयकथा धावतात. एका बैठकीत संपणारी शांत कथा तिथे बुडून जाते, हा माझा अनुभव आहे, आणि बऱ्याच मैत्रिणींचाही. त्यामुळे तुमचा पिंड मालिकेचा असेल, रोज तास-दीड तास बसायची तयारी असेल, तर ॲपला पर्याय नाही. नसेल, तर वाचकांचा आकडा घसरताना पाहून उगाच स्वतःवर शंका घ्याल.

व्हॉट्सॲपवर कथा पाठवू नका. कथा फिरते, पण दुसऱ्या-तिसऱ्या उडीत लेखकाचं नाव गळतं, आणि मग ती तुमची आहे हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. ॲमेझॉनच्या किंडलवर 2016 पासून मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येतं. खर्च जवळजवळ शून्य, परदेशातल्या मराठी माणसालाही मिळतं, पण शोधत येणारा वाचक आधी तयार असावा लागतो. स्टोरीटेल हे बोलक्या पुस्तकांचं ॲप 2017 च्या अखेरीस भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकणारा वर्ग वाढला आहे. तिथे नवख्याची डाळ एकदम शिजत नाही, मात्र प्रकाशकाशी करार करताना ऑडिओचे हक्क कोणाकडे राहणार हे लिहून घ्या.

क्रम का महत्त्वाचा ते आता सांगते. बरेच दिवाळी अंक अप्रकाशित कथाच घेतात, आणि समाजमाध्यमावर किंवा ॲपवर टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशितच. माझ्या दोन चांगल्या कथा याच कारणाने परत आल्या. तेव्हा सगळ्यात जमलेल्या दोन-तीन कथा अंकांसाठी राखून ठेवा, एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. ॲपवर वेगळं काहीतरी, मालिका म्हणूनच योजलेलं लिहा. पुस्तकाचा विचार या दोन्हींत दोन-तीन वर्षं घालवल्यावर.

आणि तेव्हाही आधी पदरचे पैसे काढू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिथे हस्तलिखित पाठवा. वेळ लागतो, लागू दे. कोणी आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी, पैसे मागितले तर सावध व्हा: तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था मोफत देते, आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही घेता येतो. प्रकाशकाला एक प्रश्न जरूर विचारा: शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवणार का? अनुदानित वाचनालयांची खरेदी त्या यादीकडे पाहून होते. मी हे विचारलं नव्हतं, कारण अशी यादी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

परत आलेल्या त्या 310 प्रती सात वर्षं दिवाणाखाली होत्या. ॲपवरच्या वाचकांनी विचारायला सुरुवात केली, "तुमचं पुस्तक आहे का?" अंकातली कथा वाचून दोन वाचनालयांनी प्रती मागवल्या. 1 मे 2025 पासून टपाल खात्याने ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली आहे, त्यात 300 ग्रॅमपर्यंतचं पुस्तक 20 रुपये अधिक कर एवढ्यात जातं (जाहिराती असलेले अंक चालत नाहीत). माझं पुस्तक त्या वजनात बसतं. चिरलेल्या कडांच्या प्रती बाजूला ठेवून बाकीच्या शनिवारी खाकी कागदात बांधते आणि सोमवारी खिडकीवर देते. आज सकाळी मोजल्या, 118 उरल्या आहेत.