कपाशीवरील पांढरी माशी : घरचा निंबोळी अर्क आणि दुकानातली बाटली

यंदा कपाशीच्या एका एकरावर घरी काढलेला ५ टक्के निंबोळी अर्क आणि लगतच्या एकरावर विकतचे १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग) ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलाच कीडनाशक घटक, मी मुद्दाम फवारून पाहिले. बांधावरच्या कडुनिंबाखाली वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड रात्रभर भिजवली, सकाळी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळली आणि २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून १०० लिटर द्रावण केले. पैसे साबणापुरतेच लागले. मात्र वेचणीत घरच्या दोघांच्या तीन सकाळी गेल्या, हे अर्काला फुकटचा उपाय म्हणणारे सांगत नाहीत.

तेव्हा पान उलटले की शिरांलगत चिकटलेली पिवळसर, खवल्यासारखी पिल्ले दिसत होती आणि खालच्या पानांचा चिकटा बोटांना लागत होता, पण त्यावर काळी बुरशी अजून धरलेली नव्हती. पानामागे पाच-सहा माशा होत्या, म्हणजे पानाला ८ ते १० माशा किंवा २० पिल्ले ही आर्थिक नुकसानीची पातळी अजून गाठलेली नव्हती. अर्क वापरायचा तो याच वेळी, कारण त्याने उडती माशी पटकन मरत नाही. अंडी घालणे मंदावते आणि पिल्लांची कात अडते. दुसऱ्या दिवशी झाड हलवताच माशा तशाच उडाल्या आणि शेजारी हसले. आठव्या दिवशी मात्र कोवळ्या पानांमागे नवी पिल्ले तुरळक उरली होती.

बाटलीचा गुण जवळपास तितकाच आला आणि १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली ओतले की काम झाले. घरच्या अर्काने चौथ्याच पंपाला नोझल तुंबवले होते, शिवाय तो त्याच दिवशी संपवावा लागतो. पण बाटलीतही फसगत आहे: मी आणलेली पहिली बाटली दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात राहिलेली होती, तिचा काहीच गुण आला नाही आणि दुकानदाराने ती बदलूनही दिली नाही. ॲझाडिरॅक्टिन उन्हाने निकामी होते, म्हणून बाटली आतल्या कपाटातली मागावी आणि फवारणी सायंकाळी, नोझल वर वळवून, पानांच्या मागून करावी.

माशी दिसताच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले रासायनिक कीटकनाशक मारण्याचा सल्ला मला दुकानातच मिळाला होता. त्याने माशीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते. २०१५ साली पंजाबात फवारण्यांवर फवारण्या होऊनही पांढऱ्या माशीने कपाशी बसवली, हे मी विसरलेलो नाही. पुढील हंगामात पहिल्या दोन फवारण्या घरच्या अर्काच्याच करणार आहे, फक्त गाळायला धोतराऐवजी बारीक मलमल घेईन.