बाळाच्या 'इंपोर्टेड' शॅम्पूपायी २,९५१ रुपये गेले

लेकीच्या मानेवरचं पुरळ अजून पुरतं गेलेलं नाही. माझा संताप तर तसाच आहे, म्हणून लिहितेय.

आमच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बाई लहान मुलांचा माल विकते. शॅम्पू आणि बॉडी वॉशचा सेट, दुकानात म्हणे ३,२००, 'आपल्या ताईंसाठी' १,८४९. वर कुरिअरचे ९०. पैसे आधी, यूपीआयने. दोघीतिघींनी "मस्त आहे, आम्ही हेच वापरतो" असं लिहिलं होतं. त्या तिच्याच नात्यातल्या, हे नंतर कळलं. आठ महिन्यांचं बाळ, डोक्यावर खपल्या धरलेल्या, काहीतरी सौम्य हवं होतं. कुठल्याही आईने घेतलंच असतं.

पहिल्याच आंघोळीला ओल्या हाताने बाटली उचलली आणि अंगठ्याला निळी शाई लागली. मागचा बॅच नंबर अर्धा पुसलेला! कंपनीत छापलेला नंबर असा पाण्याने जातो का? तिथेच थांबायला हवं होतं, हा विचार मला झोपू देत नाही. पण एका हातात निसटतं, रडतं बाळ, डोक्याला फेस. तेव्हा बाटली वाचत कोण बसतं? आणि फेस तरी केवढा, दोन थेंबांत अर्धा टब भरला. रात्री डोळे लाल, मानेच्या वळ्यांत पुरळ. डॉक्टरांचे ६००, औषधांचे ४१२. काही दिवस नुसत्या कोमट पाण्याने आंघोळ घाला, म्हणाले.

मग बाटली उजेडात धरली. पुढे मोठ्या अक्षरांत 'सल्फेट-फ्री', मागे बारीक अक्षरांत पाण्याच्या खालोखाल सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणणारं सल्फेटच. पुढचे दावे सोडा, आधी मागची बाजू वाचा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक लागतोच, देशी मालावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक. माझ्या बाटलीवर यातलं काहीच नव्हतं.

बाईला फोटो पाठवले. "ताई, कंपनीने पॅकिंग बदललंय. तुमच्याच बाळाची स्किन सेन्सिटिव्ह आहे." दुसऱ्या दिवशी मी ग्रुपबाहेर, नंबर ब्लॉक.

पोलीस चौकीत म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवलेत, माल मिळाला, मग फसवणूक कसली?" हेल्पलाइनवाल्यांना विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच तिच्या दारात उभी राहिले नसते का? आणि ज्या खात्याचं काम असल्या मालावर नजर ठेवण्याचं, तिथे बाळाला कडेवर घेऊन तासभर ताटकळले, तर उत्तर काय? सीलबंद बाटली आणि पक्कं बिल आणा. वापरल्याशिवाय खोटं आहे हे कळणार कसं? चोर बिल देतो का? वर एक साहेब म्हणाले, "रक्कम छोटी आहे मॅडम, सोडून द्या." बाळाचे सुजलेले डोळे त्यांच्या हिशोबात कुठे बसतात?

बिलाशिवाय काही घेऊ नका. नवीन काहीही आधी बाळाच्या हातावर थोडंसं लावून एक दिवस थांबा. पैसे देऊन मालच आला नाही, तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मी सोडणार नाही. आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चॅट, यूपीआयची पावती, डॉक्टरांचा कागद, सगळं जपून ठेवलंय. असाच सेट कोणी घेतला असेल तर बाटली फेकू नका, मला कळवा.